चिठ्ठी आधी, तोंड नंतर

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. लॅबमध्ये माझ्या मागे मला 'तोफ' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. एकवीस वर्षं डिझेल तपासणाऱ्या बाईनं वर गोड बोलूनही दाखवावं, अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यानं दुसरी बाई बघावी.

आमचं काम सांगायला सोपं आहे. डिझेल थंड करत गेलं की त्यातलं मेण गोठायला लागतं. आधी काचेच्या जारच्या तळाशी हलकंसं धुकं धरतं. ज्या अंशाला ते पहिल्यांदा दिसलं, तो आकडा लिहायचा. या आकड्यावर ठरतं की हा माल थंड मुलखात पाठवायचा की नाही. चुकीचा गेला तर ऐन थंडीत गाड्यांचे फिल्टर तुंबतात आणि माणसं घाटात अडकून पडतात. म्हणून हा आकडा एकट्यानं काढायचा नाही, दोघांनी काढायचा.

आमच्यातले दुसरे म्हणजे मामा. कुणाचे सख्खे मामा नाहीत, साऱ्या लॅबचे मामा. चौतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला अकरा महिने उरलेले, आवाज असा की शेजारच्यालाही कान द्यावा लागतो. आमची पद्धत त्यांनीच घालून दिलेली. एकाच बाटलीतलं डिझेल दोन जारमध्ये ओतायचं, दोन बाथमध्ये, म्हणजे थंड करायच्या टाक्यांत, शेजारी शेजारी लावायचं. दर अंशाला जार उचलायचा, तीन सेकंदांत तळ बघायचा आणि परत ठेवायचा. धुकं दिसलं की न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि चिठ्ठी पालथी घालायची. दोघांचं झालं की दोन्ही चिठ्ठ्या उलटायच्या. पहिल्याच दिवशी मामांनी मला सांगितलं होतं, "चिठ्ठी आधी, तोंड नंतर." तोंड नंतर ठेवणं मला आयुष्यात तेवढ्या एकाच ठिकाणी जमलं.

दोन चिठ्ठ्यांत दोन अंशांहून जास्त फरक पडला तर चाचणी बाद. असं महिन्यात तीनदा झालं तर दोघांचे डोळे तपासायचे, आणि ज्याचे डोळे नापास त्यानं पिंपांच्या शेडमध्ये जायचं. तिथे दिवसभर रिकामी पिंपं धुवायची. मामांच्या आणि माझ्या चिठ्ठ्या गेली दोन वर्षं तर अंशाचाही फरक न पडता जुळत होत्या. मी ते येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची.

एकच खोड होती मामांची. थंडीच्या दिवसांत, डोंगरावरच्या डेपोचा माल आला की कधीकधी ते चिठ्ठी न लिहिताच म्हणायचे, "पुन्हा घेऊ." कारण विचारलं तर सांगायचे नाहीत. दुसऱ्यांदा जार लावला की मध्येच म्हणायचे, "आलं बघ." मी वाकून बघायची तर खरंच तळाला काहीतरी पुसट दिसायचं. पण माझा तिळपापड व्हायचा. "पद्धत तुमची आणि मोडताही तुम्हीच?" मी म्हणायची. "चिठ्ठी आधी, तोंड नंतर." मामा मान खाली घालून रजिस्टरमध्ये 'पुन्हा घेतली' एवढंच लिहायचे. म्हातारपणाची सनक म्हणून मी सोडून द्यायची, म्हणजे तासभर बोलून मग सोडून द्यायची.

तर उन्हाळ्याच्या शेवटी मशीन आलं. आणलं आमच्या नव्या मॅडमनी. वय एकतीस, लॅबच्या प्रमुख, आणि मला 'काकू' म्हणतात. मशीन म्हणजे कपाटाएवढा पांढरा डबा. आत डिझेल ओतायचं आणि झाकण लावायचं. खालून प्रकाशाचा बारीक झोत जातो आणि समोर सेन्सर बसलेला असतो. डिझेल स्वच्छ आहे तोवर झोत सरळ पार होतो. मेणाचे पहिले कण धरले की प्रकाश विखुरतो, सेन्सर ते टिपतो आणि आकडा छापून बाहेर येतो. ना चिठ्ठी, ना जार उचलणं.

"तीन महिने दोन्ही चालवू," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांशी जुळलं तर मशीन पास."

जुळलं नाही. रोज मशीनचा आकडा आमच्याहून तीन अंश वर. आम्ही म्हणायचो अधिक एकला धुकं धरलं, मशीन म्हणायचं अधिक चारलाच धरलं. मला कोण आनंद झाला. "नाचता येईना अंगण वाकडं," मी मॅडमना ऐकवलं. "दोन माणसं एकीकडे आणि एक डबा दुसरीकडे. आता तुम्हीच ठरवा." मशीन बसवणारा माणूस दोनदा येऊन गेला, झोत तपासला, सेन्सर पुसला आणि म्हणाला, "मशीनमध्ये काही दोष नाही." मी म्हटलं, "मग आमच्यात आहे का?" तो बिचारा चहा न घेताच गेला.

आता मुख्य गोष्ट. त्याच आठवड्यात माझी पेन्सिल हरवली. माझी सवय अशी की धुकं दिसलं, आकडा लिहिला, की मी पेन्सिल फरशीच्या ओट्यावर टक् करून ठेवते. त्या दिवशी मॅडमच्या टेबलावरचं पेन आणलं, आकडा लिहिला, चिठ्ठी पालथी घातली आणि पेन फडक्यावर ठेवलं. आवाज झाला नाही. मामा आपले बसलेत. जार उचलतात, बघतात, ठेवतात. एक अंश गेला, दोन अंश गेले. मग त्यांची नजर माझ्या पालथ्या चिठ्ठीवर पडली. दचकले आणि घाईघाईनं लिहिलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी नवी पेन्सिल आणली आणि लिहून झाल्यावर मुद्दाम वेळ काढून टक् केलं. मामांनीही तेवढाच वेळ काढून लिहिलं. चार दिवस हाच खेळ केला. चारही दिवस त्यांचा हात माझ्या टक् नंतरच चिठ्ठीकडे गेला.

मामांना दिसत नव्हतं. माझ्या पेन्सिलीच्या आवाजावर ते थर्मामीटर बघत होते आणि आकडा लिहीत होते.

ज्या माणसानं मला धुकं बघायला शिकवलं, त्याला आता माझ्या पेन्सिलीकडे कान लावून बसावं लागत होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही, नुसतं भरून आलं. अकरा महिन्यांसाठी या माणसाला पिंपं धुवायला पाठवायचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर तरी नाही, असं मी ठरवून टाकलं.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे पूर्वी बस चालवायचे, पण दोन वर्षांपूर्वी कमरेचं दुखणं झालं तेव्हापासून घर माझ्या पगारावर आहे, आणि स्वयंपाक ह्यांच्याकडे. ते स्टुलावर चढून दिवा बदलत होते. स्वयंपाकघरातला दिवा मी तिसऱ्यांदा बदलायला लावला होता, कारण हल्ली दिवे धड उजेडच देत नाहीत.

"मामांना दिसेनासं झालंय हो," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. "आता दिसतंय का नीट?"

"मामांचं सांगतेय मी."

"मी दिव्याचं विचारतोय. मला तर मघाचाही बरा वाटत होता." मग स्टुलावरूनच हसले. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ..."

"पुढचं म्हणालात तर स्टूल ओढीन," मी म्हटलं आणि पेपर उघडला. पेपरची छपाईसुद्धा इतकी फिकी झाली आहे की वाचणाऱ्याची कीव येते.

सोमवारी मॅडमनी आम्हाला बोलावलं. थंडीचा पहिला माल आला होता. "मशीन परत पाठवायचं तर मला तुमच्या आकड्यांची पक्की खात्री हवी," त्या म्हणाल्या. "आज दोन बाटल्या घ्या, पण वेगवेगळ्या खोलीत. मामा इथेच ओट्यावर, आणि काकू, तुम्ही नमुन्यांच्या खोलीत."

मी मामांकडे बघितलं. ते बाटल्यांवरची लेबलं वाचत होते, अगदी नाकाशी धरून नव्हे, पण बराच वेळ. पहिली बाटली सपाटीवरच्या डेपोची होती. तिथे अधिक सहापर्यंत धुकं धरलं तरी चालतं. दुसरी डोंगरावरच्या डेपोची, तिची हद्द उणे दोन. म्हणजे उणे दोनपर्यंत डिझेल स्वच्छच राहायला हवं, त्याआधी धुकं धरलं तर माल परत.

नमुन्यांच्या खोलीत आणि लॅबमध्ये फक्त लाकडी पार्टिशन आहे. मी माझा बाथ मुद्दाम पार्टिशनला चिकटून लावला. काय करायचं ते माझं ठरलेलं होतं. आयुष्यात कधी लबाडी केली नाही, पण त्या दिवशी मन जराही कचरलं नाही. पहिल्या बाटलीला उणे एकला धुकं दिसलं. आकडा लिहिला आणि पेन्सिलीच्या बुडानं पार्टिशनवर टक् केलं. पलीकडे मामांची खुर्ची कुरकुरली. ऐकू गेलं म्हणायचं. दुसऱ्या बाटलीला उणे चारला दिसलं. पुन्हा टक्, जरा जोरात. या वेळी खुर्ची वाजली नाही. मला वाटलं, बसल्या जागेवरूनच लिहिलं असेल.

मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या. आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो.

"पहिली बाटली," मॅडमनी वाचलं. "मशीन अधिक दोन. काकू उणे एक. मामा उणे एक."

मी हाताची घडी घातली.

"दुसरी. मशीन उणे एक. काकू उणे चार. मामा..." मॅडम थांबल्या आणि त्यांनी चिठ्ठी पुन्हा बघितली. "मामा उणे एक."

माझ्या मनात आलं, गडबडले बिचारे, आवाज ऐकू गेला नाही आणि ठोकून दिला आकडा. मी लगेच पुढे झाले. "दमलेत ते, मॅडम. या वयात दोन दोन चाचण्या लागोपाठ. पुन्हा घेऊ."

"पुन्हा नको," मामा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "उणे एकच आहे. हा माल वर पाठवू नका."

"मग पहिल्या बाटलीचं काय?" मॅडमनी विचारलं.

मामांनी पहिली बाटली पुढे सरकवली. "तिचंही मशीनचंच बरोबर आहे. अधिक दोनला धरलं होतं."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग उणे एक का लिहिलंत?"

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पार्टिशनकडे बघत राहिले.

मॅडम हुशार आहेत, हे मला कबूल करायला त्या दिवसापर्यंत वेळ लागला. दुसऱ्या बाटलीतलं डिझेल त्यांनी तिसऱ्या जारमध्ये ओतलं, बाथमध्ये लावलं आणि उणे दोनला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"काकू, यात धुकं आहे?"

मी बघितलं. तळ स्वच्छ होता. "नाही," मी म्हटलं.

"मामा?"

"आहे," मामा म्हणाले, अगदी नाइलाजानं.

"मलाही दिसतंय," मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा वाकले. जार मॅडमच्या हातातून घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब नेला. काही दिसत नव्हतं. तीन सेकंदांचा नियम केव्हाच मोडला होता आणि मला कुणी थांबवत नव्हतं.

मामांना मी बाहेर गाठलं. ते बाटल्या धुवायच्या नळाशी उभे होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"म्हणजे तुम्हाला आधी दिसायचं आणि तुम्ही थांबायचात. माझ्या टक् साठी."

"हं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की एकदा. डोळे दाखवून ये म्हटलं होतं." मामांनी नळ बंद केला. "तू म्हणालीस, तुमचे दाखवा. मग आठ दिवस बोलली नाहीस. तेव्हाच तुझ्या नवऱ्याचं कमरेचं झालं होतं. म्हटलं, आत्ता ही शेडमध्ये गेली तर घर कसं चालायचं. जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू. मग ते 'मग' राहूनच गेलं."

"आणि चुकीचा माल गेला असता तर?"

"हद्दीच्या जवळचा एकही जाऊ दिला नाही मी," मामा म्हणाले. एकवीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

मी आत जाऊन रजिस्टर काढलं. खिडकीत नेऊन, पान नाकाशी धरून वाचलं. दोन हिवाळ्यांत एकेचाळीस ठिकाणी मामांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा घेतली'. प्रत्येक वेळी माल हद्दीच्या तीन अंशांच्या आत होता. प्रत्येक वेळी त्यांनी मला 'आलं बघ' म्हणून दाखवलं होतं, आणि सांगितल्यावर मला दिसलं होतं, निदान दिसल्यासारखं वाटलं होतं. एकेचाळीस वेळा मी त्या माणसावर तोंडाचा पट्टा चालवला होता. मी रजिस्टर मिटलं आणि तिथेच बसून रडले. मला रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. हळूहळू वाढतो म्हणून कळत नाही, डोळ्याला तेवढाच उजेड खरा वाटायला लागतो. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी काढून ठेवलेले तिन्ही दिवे फडताळातून आणून टेबलावर मांडले. एक शब्द बोलले नाहीत. तो माणूस गप्प बसला की जास्त लागतं.

मामांना मेमो मिळाला. मधल्या काळात मॅडमनी जुन्या मालाच्या राखून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या मशीनवर पुन्हा चालवून घेतल्या होत्या, आणि मामा पंधरा दिवस त्या स्वतः ओतत होते. एकही माल हद्दीबाहेर निघाला नाही, तरीही मेमो मिळाला. चौतीस वर्षांतला पहिला. त्यांनी तो चार घड्या घालून खणात ठेवला. मी तरातरा मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"चुकीचा आकडा माझा होता," मी म्हटलं. "मेमो मला द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्हाला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांना दिसत होतं."

मामांनी माझ्यासाठी केलं ते चूक होतं आणि माझ्यावर आजवर कुणी केलेल्या मायेत सगळ्यात मोठं होतं. दोन्ही खरं आहे. मॅडमनी मला पिंपांच्या शेडमध्ये मात्र पाठवलं नाही. मशीनवर डिझेल ओतायलाही माणूस लागतोच, असं म्हणाल्या, आणि ऑपरेशनची रजा स्वतः लिहून दिली.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी पहिल्यांदा कामावर गेले तो महिन्याचा पहिला सोमवार होता. आता रोजचं काम मशीन करतं. महिन्यातून एकदा, त्या सोमवारी, मशीनची परीक्षा म्हणून दोन माणसांनी जुन्या पद्धतीनं चाचणी घ्यायची असते. मामांचे चार महिने उरले होते. मॅडमनी ओट्यावर दोन बाथ लावून ठेवले होते, पहिल्यासारखे शेजारी शेजारी.

आम्ही बसलो. पाचला जार उचलला, तळ स्वच्छ. चारला स्वच्छ. तीनला उचलला आणि मला ते दिसलं. नखाएवढं होतं, तळाच्या एका कडेला. धुकं इतकं लहान सुरू होतं हे मी विसरूनच गेले होते. मी आकडा लिहिला, चिठ्ठी पालथी घातली आणि पेन्सिल हातातच ठेवली.

मामांकडे बघितलं. त्यांनी जार उचलला, बघितला, ठेवला. त्यांना दिसलं होतं. त्यांना कधी दिसतं ते आता मला त्यांच्या भुवईवरून कळत होतं. पण ते लिहीत नव्हते. पेन्सिल बोटांत धरून, मान माझ्या बाजूला किंचित कलवून बसले होते. दोन वर्षांची सवय अशी एका सोमवारात जात नाही.

मी पेन्सिल ओट्यावर टक् करून ठेवली.

मामा दचकले. इतक्या लवकर ती येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी जारकडे बघितलं नाही, थर्मामीटरकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी काही बोलले नाही. चिठ्ठी आधी, तोंड नंतर.

मग त्यांनी लिहिलं.